पापलेट, बोंबील आणि एक कार्ड: प्रकल्पाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२५

कॉलेजच्या प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. मासळी बाजारात जाताना पिशवीत टाकून नेता येईल असं एक कार्ड करायचं. एका बाजूला पापलेट, दुसऱ्या बाजूला बोंबील, दोन्ही खऱ्या मापात. कार्ड माशाशेजारी धरायचं. मासा चित्रापेक्षा लहान दिसला तर तो घ्यायचा नाही. काही वाचावं लागू नये, मोजपट्टी लागू नये.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवून दिली. पापलेट १३५ मिलीमीटर, बोंबील १८०. माशाला एकदा तरी अंडी घालता यावीत, एवढाच त्यामागचा हिशोब. हे आकडे परिपत्रकात राहतात. बाजारात तळहाताएवढी पापलेटं वाट्याने विकली जातात आणि स्वस्त मिळाली म्हणून लोक आनंदाने घरी नेतात. १३५ मिलीमीटर म्हणजे नेमकं केवढं, हे डोळ्यांना माहीतच नसतं. कार्डाने तेवढं एकच काम करायचं आहे.

आकार ए-फाइव्ह. सरांची अट: शैली आधी ठरवायची नाही. तेच दोन मासे, तेच माप, वेगवेगळ्या हातांनी काढून बघायचे आणि प्रत्येक वेळी काय ठेवलं, काय सोडलं ते लिहायचं.

१५ नोव्हेंबर

पहाटे ससून डॉक. १८७५ सालची गोदी, अजूनही मुंबईतली मासळी उतरण्याची मोठी जागा. आत फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे फक्त स्केचबुक आणि पेन्सिल. एका अर्थी बरंच झालं. फोटो असता तर घरी येऊन त्यावरूनच गिरवत बसले असते.

२०१७ मध्ये इथे मोठा कला महोत्सव झाला होता, तेव्हा गोदीतल्या गोदामांच्या भिंती रंगल्या. शाळेत असताना मी तो बघितला होता. तेव्हा भिंती बघितल्या, आज टोपल्या बघितल्या.

उभं राहून काढायचं, त्यात धक्के आणि 'बाजू, बाजू' अशा हाका. अशा वेळी हात आपोआप एका रेघेवर येतो. पापलेटाचं बोथट तोंड, विळ्यासारखे मागे वळलेले वरचे-खालचे पर, दुभंगलेली शेपटी, तिचं खालचं टोक वरच्यापेक्षा लांब. पोटाखाली परांची जोडी नाही. ती नसते, हे आज जवळून बघितल्यावर कळलं. पुस्तकात वाचलेलं लक्षात राहिलं नव्हतं. बोंबील मात्र कागदावर धरवेना. टोपलीत ते एकमेकांत मिसळलेले असतात, एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते दिसत नाही.

१८ नोव्हेंबर

पहिला हात: ठिपके. सगळ्यात बारीक पेन, गुळगुळीत आयव्हरी कागद. शास्त्रीय चित्रांची ही जुनी पद्धत. कॉलेजच्या ग्रंथालयात फ्रान्सिस डे यांच्या भारतातल्या माशांवरच्या १८७५–७८ च्या ग्रंथातल्या शिळाछापांच्या प्रती आहेत, त्या समोर ठेवल्या. सगळे मासे डावीकडे तोंड करून. हा संकेत जगभर पाळतात, त्यामुळे दोन चित्रं शेजारी ठेवून ताडता येतात. मीही तो पाळणार.

पापलेट सुरेख उतरलं. पाठीवरची करडी छटा खाली येताना विरळ होत पोटाशी पांढरी होते, ते ठिपक्यांना छान जमतं. अंगावरचे बारीक काळे ठिपकेही निराळे काढावे लागत नाहीत, त्याच जातीचे असतात. मी हे चित्र किती तरी वेळ बघत बसले.

मग भिंतीला लावून सहा पावलं मागे गेले. करडा अंडाकार दिसला. डोळा हरवला, कल्ल्याची फट हरवली. बाजारात पिवळ्या बल्बखाली, ओल्या हातात, घाईत हे चित्र बघायचं आहे. शिवाय कार्ड स्क्रीन प्रिंटने छापणार, आणि जाळीतून एवढे बारीक ठिपके धड उतरत नाहीत. काही भरतात, काही गळतात.

सोडलं. ज्युरीच्या, म्हणजे शेवटच्या मूल्यमापनाच्या, भिंतीवर मात्र लावणार. पापलेटाचं शरीर मला याच चित्राने शिकवलं.

२३ नोव्हेंबर

ग्योताकू. एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये मासे पकडणाऱ्यांनी आपल्या माशाची नोंद ठेवायला शोधलेली पद्धत: माशालाच शाई लावायची आणि त्याच्यावर कागद दाबायचा. या प्रकल्पासाठी याहून सरळ वाट दिसेना, कारण माप आपोआप खरं येतं. चित्रकाराच्या हातून ते मोठं-लहान होण्याचा प्रश्नच नाही.

आमच्याकडे मार्गशीर्ष पाळतात, घरात मासा आणणं शक्य नव्हतं. वर्सोव्याच्या मैत्रिणीकडे गेले. तिच्या आईने दोन पापलेटं आणि चार बोंबील काढून ठेवले होते. पापलेटं किमान मापाच्या बरीच वरची, हे तिने न सांगता बघितलं होतं.

कृती लिहून ठेवते, पुन्हा लागेल. मासा मिठाने हलक्या हाताने चोळून बुळबुळ काढायची. मग थंड पाण्याने धुऊन फडक्याने अगदी कोरडा टिपायचा. तोंडात आणि कल्ल्यात कापूस, नाहीतर दाबताना पाणी सुटतं आणि शाई पसरते. थर्मोकोलमध्ये माशाच्या आकाराचा खळगा कोरून त्यात मासा बसवायचा, पर पसरून टाचण्यांनी धरायचे, पर ताठ होईपर्यंतच. मग टाचण्या काढायच्या. शाई डोक्याकडून शेपटीकडे पातळ लावायची, आणि नंतर उलट दिशेने ब्रश फिरवायचा म्हणजे खवल्यांच्या कडा पकडतात. डोळ्याला शाई नाही. पातळ हातकागद किंचित ओला करून वर ठेवायचा आणि बोटांनी मधून बाहेर दाबत जायचं. ठसा उलटा येतो, म्हणून डावीकडे तोंड हवं तर माशाची उजवी बाजू वर ठेवायची.

पापलेटाचे खवले इतके बारीक आणि सुटे असतात की टिपतानाच अर्धे फडक्याला गेले. त्यामुळे ठशात खवले नाहीत. मऊ राखाडी अंग, त्यावर बाजूच्या रेघेची वाकण, आणि परांचे काटे मात्र केसासारखे स्पष्ट. परांचे काटे एवढे सच्चे मी हाताने कधीच काढू शकले नसते. मैत्रिणीच्या आईने कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "ह्याला आता तळू नको, फ्रेम कर."

बोंबील छापला जात नाही. अंगात हाडापेक्षा पाणी जास्त. कागद दाबला की तो चपटा होतो आणि ठसा मूळ माशाच्या दीडपट रुंद येतो. मापासाठी निवडलेली पद्धत मापालाच धोका देते. मीठ लावून तासभर ठेवून बघितलं. तेव्हा आकसला, म्हणजे पुन्हा माप बदललं.

एका बाजूला ठसा आणि दुसऱ्या बाजूला रेखाटन चालेल का? नाही. एकाच हाताचं कार्ड हवं.

२८ नोव्हेंबर

जलरंग. पापलेटाच्या अंगावर गुलाबी, निळसर, पिवळसर झाक दिसते ती जलरंगातच येते, आणि बोंबलाचा पारदर्शक गुलाबी तर जलरंगासाठीच जन्मलेला. फार देखणी चित्रं झाली. छापायला चार रंग आणि ऑफसेट लागेल, खर्च परवडणार नाही. आणि देखणं चित्र बघून माणूस चित्र बघतो, मासा मोजत नाही. पुढे.

४ डिसेंबर

दत्तजयंती, त्यातून मार्गशीर्षातला गुरुवार. मासळी बाजारात आज शुकशुकाट असणार म्हणून मुद्दाम याच दिवशी सिटीलाइटच्या गोपी टँक मंडईत गेले. ज्या मावशींकडून आम्ही नेहमी मासे घेतो त्यांना आज बोलायला वेळ होता.

सगळे नमुने बर्फाच्या ढिगाशेजारच्या फळीवर मांडले. त्यांनी ठिपक्यांचं चित्र उचललं, लांब धरलं, जवळ धरलं आणि खाली ठेवलं. ग्योताकूवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो मावरा खरा हाय." मग जलरंगातल्या पापलेटाकडे बघून: "हा मेलेला काढलास, बाय."

मी विचारलं कशावरून. त्यांनी फळीवरचं एक पापलेट उचलून माझ्या नाकाशी धरलं. ताज्या माशाचा डोळा फुगीर असतो, बाहुली काळीशार, कडेने चकचकीत. शिळ्या माशाचा डोळा आत बसतो आणि त्यावर साय येते. मी जलरंगात डोळ्याच्या बाहुलीवर राखाडी झाक दिली होती, ती गोलाई दाखवायला. बाजारातल्या बाईला त्यात शिळा मासा दिसला. गिऱ्हाईकही आधी डोळाच बघतं. म्हणजे कार्डावरचा डोळा ही सजावट नव्हे. तो बिघडला की गिऱ्हाइकाचा कार्डावरचा भरवसाच उडतो.

डोळ्यासाठी वेगळं पान केलं. बाहुली पूर्ण काळी, तिच्यात एकच पांढरा तुकडा, वर डावीकडे. बाहेरचं कडं कुठेही तुटलेलं नको.

दुसरी गोष्ट त्या स्वतःहून बोलल्या. "लहान मावरा आम्ही पकडीत नाय. जाल्यात येतंय, लिलावात येतंय, आम्ही घेतो." डोल जाळ्याचं तोंड मोठं आणि शेपटीकडे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक, भरती-ओहोटीबरोबर जे येईल ते आत, त्यात पिल्लंही. कार्ड घेऊन गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की भांडण त्यांच्याशी होणार, जाळ्याशी नाही. हे माझ्या ब्रीफमध्ये कुठेच नव्हतं. असं चित्र काढायचं की जे मावशी स्वतःच्या फळीवर ठेवतील.

६ डिसेंबर

वर्गात कोणीतरी सुचवलं: वारलीत काढ ना, महाराष्ट्राचा मासा, महाराष्ट्राची शैली.

दिवसभर हा विचार डोक्यात होता. वारली चित्र म्हणजे गेरूवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा एवढंच नाही. लग्नाच्या घरात सवाशिणी जो चौक काढतात, त्यात पालघट देवी बसते. त्या चित्राशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ती रेघ कागदावर आणली, तेव्हाही तिच्यात गावाचं आणि शेताचं जगणं होतं. हॉटेलच्या भिंतीपासून मोबाइलच्या कव्हरापर्यंत आपण तिचं काय करून ठेवलं आहे ते समोर आहे. त्यात माझं एक कार्ड नको. शिवाय तिथला मासा हे मासेपणाचं चिन्ह असतं. मला पापलेट हलवा माशापासून वेगळं ओळखू यायला हवं.

पिंगुळीच्या चित्रकथीकडे मात्र शिकायला गेले, उसनवारीला नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात बघितलेल्या पोथ्यांची स्केचं माझ्याकडे होती. ही चित्रं एकेक करून प्रेक्षकांसमोर धरायची असतात, गाणं आणि कथा चालू असताना. म्हणजे दिव्याच्या उजेडात, काही हातांवरून वाचता यायला हवीत. म्हणून बाह्यरेषा जाड आणि अखंड, आतला रंग सपाट, डोळा मोठा आणि पूर्ण. माझी अडचणही तीच आहे: अंतर, कमी उजेड, धरलेलं चित्र. शैली त्यांची, पण हिशोब सगळ्यांसाठी मोकळा आहे.

११ डिसेंबर

लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून घेतलेला छाप. पापलेटाच्या चांदीला काळ्यातून पांढरं कोरून काढता येतं का ते बघायचं होतं. चित्रकार चित्तप्रसादांचे लिनो समोर होते. अंधेरीत राहून त्यांनी काळ्या-पांढऱ्यात माणसांच्या अंगावरचा उजेड ज्या तऱ्हेने कोरला, ते बघताना हात शिवशिवतात.

लिनोने एक मोठं काम केलं: निर्णय घ्यायला लावला. राखाडी नाहीच. प्रत्येक जागा काळी की पांढरी ते ठरवावं लागतं. पाठीकडे आडव्या बारीक रेघा, पोटाकडे काही नाही. कल्ल्यामागची फट एका घावात. बोंबीलही पहिल्यांदा उभा राहिला. त्याचं तोंड डोळ्याच्या पार मागपर्यंत फाटलेलं, डोळा बारका आणि पुढे. हे काळ्या-पांढऱ्यात भेदक दिसतं. अंगावरची मधली रेघ सरळ शेपटीत शिरते, म्हणून शेपटीला दोन नव्हे, तीन टोकं दिसतात. ही खूण कार्डावर यायलाच हवी.

पण लिनोत सगळं टणक होतं. कोरलेला बोंबील लाकडाचा वाटतो. सुकवायला बांबूवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या बोंबलाला ही कडक रेघ शोभेल. ताज्याला नाही.

१६ डिसेंबर

ब्रश आणि शाई. आज हात बसला.

लिनोचे निर्णय ठेवले, कोरणी सोडली. सहा नंबरचा गोल ब्रश, काळी वॉटरप्रूफ शाई, थोडा खरखरीत कागद. पापलेटाची बाह्यरेषा तोंडापासून सुरू करून पाठीवरून शेपटीच्या खाचेपर्यंत एका दमात, मग पुन्हा तोंडापासून पोटाखालून. पाठीवर दाब कमी, पोटाला जास्त, म्हणजे वजन खाली राहतं. बोंबलासाठी उलट: ब्रशमध्ये शाई कमी, रेघ सुरुवातीला ओली आणि शेपटीकडे सुकी होत जाणारी. खरखरीत कागदावर ती तुटते आणि तुटलेल्या जागेतून मऊपणा येतो. ससून डॉकला जे कागदावर धरवत नव्हतं ते इथे आपसूक आलं.

परांचे काटे ग्योताकूच्या ठशावरून मोजून घेतले. डोळा मावशींच्या पानावरून.

मासा पांढरा, कागद पांढरा, मग मासा कुठे? पार्श्वभूमीला सपाट गडद निळा-हिरवा आणि मासा कोऱ्या कागदाचा ठेवला. दोनच रंग, छपाईला दोनच जाळ्या. चांदी रंगवायची गरजच उरली नाही.

२० डिसेंबर

मापाची रेघ. दुभंगलेल्या शेपटीच्या माशाची लांबी दोन तऱ्हांनी मोजतात, टोकापर्यंत किंवा खाचेपर्यंत. बाजारात येईतो शेपटीची टोकं मोडलेली असतात, म्हणून पापलेट नाकापासून खाचेपर्यंत १३५ मिलीमीटर काढलं. अशा माशाची टोकापर्यंतची लांबी त्याहून जास्तच भरते, म्हणजे कोणी कसंही मोजलं तरी मासा मापात बसतो.

आधीच्या आराखड्यात लहान माशावर लाल फुली होती. काढून टाकली. ४ तारखेनंतर ती फुली मला पोलिसांच्या फलकासारखी दिसायला लागली. आता कार्डावर फक्त किमान मापाचा मासा आहे, आणि त्याखाली एकच ओळ: 'एवढं तरी होऊ दे.' ही ओळ गिऱ्हाईक मावशींना म्हणू शकतं, मावशी लिलावात म्हणू शकतात आणि होडीवरही म्हणता येते.

सरांना वाटतं आकडाही मोठा हवा. मी तो कोपऱ्यात लहान ठेवला आहे. यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि मी बदलणार नाही.

२७ डिसेंबर

स्क्रीन प्रिंटची चाचणी. कागद नॉन-टेअरेबल, पाण्याने भिजत नाही. निळा-हिरवा आधी, काळा त्यावर. पहिल्या प्रतींत काळी रेघ जराशी सरकली आणि माशाभोवती पांढरी कड आली. रजिस्ट्रेशनच्या, म्हणजे दोन रंग एकमेकांवर जुळवायच्या, खुणा बदलून ती घालवली. बोंबलाची सुकी तुटकी रेघ जाळीतून अर्धी गायब होत होती. पॉझिटिव्ह (ज्यावरून चित्र जाळीवर उतरतं ती फिल्म) पुन्हा काढताना तुटकपणाचे मोठे तुकडे ठेवले, बारीक धूळ पुसली. बोंबलाचा मऊपणा थोडा कमी झाला, माप आणि ओळख मात्र शाबूत.

छापणाऱ्या काकांना गुळगुळीत कागदावर शाई वाळण्याची काळजी होती. त्यांनी प्रती दोरीला लावून रात्रभर ठेवायला सांगितलं. नखाने खरवडून बघितलं, निघत नाही.

३ जानेवारी २०२६

मार्गशीर्ष संपला, मंडई भरलेली. मावशींना पाच कार्डं दिली. त्यांनी एक सरळ बर्फात खोचलं, पापलेटांच्या रांगेच्या टोकाला, चित्र बाहेर करून. पाणी ठिबकत होतं, खवले चिकटत होते, कार्ड जसंच्या तसं. सहा पावलांवरून डोळा दिसतो, शेपटीची खाच दिसते.

एका गिऱ्हाइकाने वाट्यातलं पापलेट उचलून कार्डाला लावलं, ठेवलं आणि मोठं मागितलं. मावशींनी दर सांगितला. घासाघीस झाली, मोठी दोन घेतली गेली. शेजारच्या फळीवरच्या बाईंनी मावशींच्या हातातलं दुसरं कार्ड ओढून घेतलं आणि विचारलं की सुरमईचं का नाही.

सुरमई ए-फाइव्हवर मावत नाही. घोळ मासा तर दूरच. जेवढी लांबी तेवढी कापडी पट्टी, फळीच्या पुढच्या कडेला लावता येईल अशी, तिच्यावर हीच ब्रशची रेघ: सोमवारी मांजरपाटावर शाई किती फुटते ते बघायचं. ज्युरी २८ तारखेला. त्याआधी पापलेट-बोंबलाच्या शंभर प्रती आणि पट्टीचा निदान एक नमुना.